बाहुली म्हणण्याची लाज

शब्द बदलला म्हणजे वस्तु बदलते, अशी समजूत व्यापाऱ्यांची असल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु सुशिक्षित ग्राहकांनींही ती निमूटपणें स्वीकारावी, याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. हल्लीं शिपायांच्या व अंतराळवीरांच्या सांधेदार प्रतिमा जमविण्याचा छंद प्रौढ पुरुषांमध्यें चांगलाच फोफावला आहे. फूटभर उंची, तीसांहून अधिक हलणारे सांधे, अंगाबरोबर बेतलेला गणवेश, तांदळाएवढीं बकलें, आणि किंमत कित्येकदां दोन-तीनशें डॉलर! या छंदास आमचा विरोध नाहीं. इतकी बारीक कारागिरी ज्यास रिझवीत नाहीं, त्याच्या रसिकतेविषयीं आम्ही साशंक आहों. आमचा विरोध आहे तो या मंडळींच्या एका ठरीव वाक्यास: "ही बाहुली नव्हे, ही अ‍ॅक्शन फिगर आहे!"

हें वाक्य आलें कोठून? १९५९ सालीं अमेरिकेंत मॅटेल कंपनीनें बार्बी ही बाहुली विकावयास काढली, आणि एकदां बाहुली घरांत शिरली कीं तिच्या पोषाखांची खरेदी वर्षानुवर्षें चालते, हें सिद्ध करून दाखविलें. तोच मंत्र मुलग्यांस लागू करावा, म्हणून हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं जी. आय. जो हा बारा इंची शिपाई बाजारांत आणिला. त्याचे एकवीस भाग हलत. गणवेश, बूट, बंदुका निराळ्या विकत मिळत. पण मुलग्यास बाहुली घेऊन देणार कोण? म्हणून 'बाहुली' हा शब्द वर्ज्य ठरला व 'अ‍ॅक्शन फिगर' ही संज्ञा पुढें करण्यांत आली. नुसत्या मानवी देहाच्या आकृतीवर हक्क सांगतां येईना, म्हणून शिपायाच्या गालावर एक व्रण कोरण्यांत आला. लोकांनीं ज्यास शौर्याचें चिन्ह मानलें, तें नक्कल पकडण्यासाठीं केलेलें व्यापारी चिन्ह होतें. नव्या संज्ञेची योग्यता याहून अधिक समजण्याचें कारण नाहीं.

या शब्दाचा खरा भाव जकातीच्या नाक्यावर कळतो. १९८९ सालीं अमेरिकेंतील अपील न्यायालयानें जी. आय. जो ही जकातीच्या दृष्टीनें बाहुलीच होय, असा निर्णय दिला. पुढें एक्स-मेन या कथांतील पात्रांचा खटला उभा राहिला. तेव्हां बाहुल्यांवर १२ टक्के व इतर खेळण्यांवर ६.८ टक्के जकात होती. आणि बाहुली म्हणजे मनुष्याची प्रतिमा अशी व्याख्या होती. टॉय बिझ कंपनीनें सांगितलें कीं, हीं पात्रें मनुष्येंच नव्हत! २००३ सालीं न्यायालयानें तें मान्य केलें. या विलक्षण जीवांस माणूस म्हणून वागवा, असा ज्या कथांचा आक्रोश, त्यांच्याच विक्रेत्यांनीं कांहीं टक्क्यांसाठीं त्यांचें माणूसपण नाकारावें, याहून बोचरा उपहास कोणा विनोदी लेखकासही सुचला नसता.

आमच्या भाषेस हा संकोच कधीं शिवला नाहीं. सिंधुदुर्गांत पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायणांतील वीर ज्या लांकडी आकृतींकरवीं रंगभूमीवर आणितात, त्यांस मराठी मनुष्य कळसूत्री बाहुल्याच म्हणतो. रावणास बाहुली म्हटलें म्हणून त्याचा दरारा तसूभरही उणावत नाहीं.

शब्दाची लाज शब्दापाशीं थांबती, तर आम्ही हें लिहिलें नसतें. ज्यास बाहुली म्हणण्याची लाज वाटते, त्यास तिच्याशीं खेळण्याचीही लाज वाटते. आणि मग तो 'गुंतवणूक' या प्रतिष्ठित शब्दाचा आसरा घेतो. खोका उघडावयाचा नाहीं, मोहोर फोडावयाची नाहीं! खोक्याचा कोपरा दुमडला आहे कीं काय, हें तपासून शंभरांपैकीं गुण देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. १९७७ च्या नाताळांत स्टार वॉर्सच्या बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहींत, तेव्हां केनर कंपनीनें नुसती हमीपत्राची पाकिटें विकलीं, आणि आंतील माल टपालानें येईपर्यंत मुलांनीं वाट पाहिली. त्या मुलांजवळ खेळण्याची ओढ होती, बाहुली नव्हती. आज बाहुली आहे. ओढच मोहोरबंद आहे.

यावर उत्तर येतें कीं, आम्ही इतिहास जतन करितों. जी. आय. जोचा १९६३ चा मूळ नमुना २००३ सालीं लिलांवांत दोन लक्ष डॉलरांस गेला, हें उदाहरणही पुढें करतात. तो एकमेव नमुना जपावा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हजारोंनीं निघालेल्या मालाचा प्रत्येक खोका जपणें यास इतिहास म्हणत नाहींत, सांठेबाजी म्हणतात. सांधा हा वळण्यासाठीं असतो. तीस सांधे बसविणाऱ्या कारागिराचे श्रम, एकही सांधा न वळवितां, व्यर्थ घालविण्याचा अधिकार पैसे मोजल्यानें मिळत नाहीं.

आणि याहून मोठी हानि मुलग्यांची आहे. चिमुकल्या शिपायाचा अंगरखा बदलणें, पट्टा आंवळणें, निखळलेला हात पुनः बसविणें, त्यास तोल सांभाळून उभें करणें, हें सारें संगोपनच आहे. मुलींस तें बाहुलीनें शिकविलें. मुलग्यांच्याही हातीं तें शिक्षण आलें होतें. पण त्याचें नांव लपविल्यामुळें, हळुवारपणा ही बायकी गोष्ट होय, हाच धडा पाठ झाला. घरांतील पोक्त पुरुषच 'बाहुली' या शब्दानें दचकूं लागला, तर त्याच्या मुलानें दुसरें काय शिकावें?

म्हणून या संग्राहकांस आमचें स्पष्ट सांगणें आहे: आपल्या कपाटांतील शिपायास बाहुली म्हणा. त्यानें त्याची बंदूक गळून पडत नाहीं व तुमची मिशीही उतरत नाहीं. मग खोका फोडा, आणि त्याचा गुडघा एकदां तरी वांकवा. तो त्याचसाठीं केलेला आहे.