मागची सीट आणि मॉडेलचे साल

गाडीतले मला फार कळते असे नाही. स्कूटरच्या पुढे माझी मजल गेली ती एका जुन्या मारुतीपर्यंत. तरीही गेल्या महिन्यात धाकटा भाऊ वर्कशॉपमधून थेट माझ्याकडे आला, दोन गाड्यांचे फोटो पुढे ठेवले आणि म्हणाला, "दादा, यातली कुठली घेऊ ते तूच सांग."

दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, टोयोटा कॅमरी हायब्रिड. एक २०१९ ची, कोल्हापूरची, एमएच-०९. दुसरी २०२२ ची, धारवाडची, केए-२५. दोन्ही पांढऱ्या. फोटोत तर जुळ्या बहिणीच. मागणीत मात्र साडेपाच लाखांचा फरक.

माझा पहिला प्रश्न गाडीचा नव्हताच. उद्यमबागेत त्याचे टर्निंगचे छोटे वर्कशॉप आहे आणि दुसऱ्या मशीनसाठी त्याने चार वर्षे पैसे बाजूला टाकलेत, हे मला माहीत होते. "मशीनचे काय?" असे विचारले तर तो खिडकीबाहेर बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मशीन काय पुढच्या वर्षी पण मिळतंय की. अप्पांचं काय करू सांग."

अप्पांच्या मणक्याचे ऑपरेशन बेंगळुरात झाले. दर तीन महिन्यांनी दाखवायला न्यावे लागते. इथून बेंगळूर पाचशे किलोमीटर आणि अप्पांना ताठ बसणे अर्ध्या तासाच्या वर होत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या डब्यात चढवायला तीन माणसे लागतात. मागच्या खेपेस भाड्याची गाडी केली, तर हावेरीच्या पुढे एका ढाब्यावर थांबून त्यांना तिथल्या बाजेवर तासभर आडवे करावे लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, रहदारीच्या रस्त्याकडेला उघड्यावर झोपलेला. भावाने ते मनाला लावून घेतले होते.

आणि हे अप्पा कोण, तर एकतीस वर्षे एका पेढीवाल्या मालकांच्या गाडीचे ड्रायव्हर. आधी अ‍ॅम्बॅसडर, मग कॉन्टेसा. त्यांच्या काळी मॉडेल बदलले म्हणजे पुढची जाळी बदलली, एवढेच. आत बसणाऱ्याला पत्ताही लागत नसे. अ‍ॅम्बॅसडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढे सलग बाक. १९८४ साली कॉन्टेसा आली तेव्हा पुढच्या दोन सुट्या सीटा बघायला आमच्या गल्लीतली पोरे जमली होती. मालकांच्या गाडीत अप्पा मागे कधीच बसले नाहीत. पुसायला शिरत, तेवढेच.

तर आता या दोन सालांची तुलना. रविवारचा दिवस घालून आम्ही दोन्ही गाड्या पाहिल्या.

ही पिढी भारतात जानेवारी २०१९ मध्ये आली, तेव्हा शोरूमची किंमत ३६.९५ लाख होती. २०२२ च्या जानेवारीत तीच गाडी थोडी सजवून आली, किंमत ४१.७० लाख. इंजिन दोन्हीत तेच, अडीच लिटरचे पेट्रोल आणि सोबत विजेची मोटर, मिळून २१८ पीएस. एअरबॅगा दोन्हीत नऊ. बॅटरी दोन्हीत निकेल-मेटल हायड्राइडची आणि ती मागच्या सीटखाली. त्याआधीच्या पिढीत ती सीटच्या पाठीमागे असायची आणि डिकीची जागा खायची. आता डिकीत अप्पांची वॉकर आणि व्हीलचेअर दोन्ही मावतात, हे आम्ही प्रत्यक्ष ठेवून पाहिले.

मग बदलले काय? डोळ्यांत भरतो तो पडदा. २०१९ च्या गाडीत तो आठ इंची आणि डॅशबोर्डात बसवलेला. २०२२ मध्ये नऊ इंची, वर उचलून उभा केलेला, पाटीसारखा. महत्त्वाचे म्हणजे नव्यात मोबाइल जोडून नकाशा पडद्यावर आणता येतो, जुन्यात ती सोय नाही. भावाच्या मुलाने एवढ्यावरच निकाल देऊन टाकला. डॅशबोर्डवरची लाकडी दिसणारी पट्टी बदलली, चाकांची नक्षी बदलली, पुढचा बंपर बदलला. आवाजाची गोल खुंटी मात्र दोन्हीत राहिली आहे. खुंटी म्हणजे कशी, नजर रस्त्यावर ठेवून हाताला सापडते. काचेवर बोट फिरवून आवाज कमी करायचा म्हणजे खड्ड्यात जायचा परवाना, असे माझे मत. ड्रायव्हरसमोरच्या काचेवर वेगाचा आकडा उमटतो, तोही दोन्हीत.

आता मागची सीट. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दोन्ही सालांत तीच! विजेवर मागे रेलणारी पाठ, मधल्या हातटेकूवर एसी, गाणी आणि मागच्या पडद्याची टच बटणे. अप्पांना मुद्दाम नेले होते. भावजय गोकाकची, ती अप्पांशी कन्नडच बोलते. "निधान, मावा, निधान," म्हणत तिने त्यांना आधी पाठमोरे बसवले, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ही रीत दाखवली आहे. कमरेचे दुखणे असलेले माणूस घरात असेल त्यांनी ती जरूर शिकून घ्यावी.

इथे एक खरे सांगितले पाहिजे. सेडान म्हटली की सीट खाली. आत जाताना अप्पांना त्रास झाला आणि बाहेर येताना त्याहून जास्त. बसण्या-उठण्यापुरते पाहिले तर इनोव्हासारखी उंच गाडी त्यांना सोपी, हे मी भावाला तिथेच बोललो. पण पाठ रेलल्यावर अप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आराम ऐति." सुनेला कळावे म्हणून कन्नडमध्ये. मग बटण शोधताना बोट भलतीकडे लागले आणि मागच्या काचेचा पडदा सरसर वर आला. दचकून हात मागे घेतला आणि आमच्याकडे असे पाहिले, जणू मालकांची वस्तू मोडली.

इथवर हिशेब सरळ होता. सीट तीच, इंजिन तेच, तर पडद्यासाठी साडेपाच लाख कोण घालणार? मी २०१९ च्या बाजूने झुकलो होतो. उरलेले पैसे मशीनला लागतील असेही मनात होते.

पण कागद वाचले आणि मत फिरले. हायब्रिड गाडीच्या बॅटरीची हमी पूर्वी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर होती. ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या गाड्यांना कंपनीने ती आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर केली. म्हणजे कोल्हापूरच्या गाडीची हमी कधीच संपली, धारवाडच्या गाडीची २०३० पर्यंत आहे. आत बसून हा फरक दिसत नाही, हाताला लागत नाही, विकणाराही आपणहून सांगत नाही. आणि महिना-दीड महिन्याच्या घरखर्चात भागेल अशी वस्तू नव्हे ही बॅटरी. जुनी हायब्रिड बघणाऱ्यांनी पडदा किती इंची हे नंतर बघावे, आधी विक्रीची तारीख आणि सर्व्हिसचे पुस्तक बघावे.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागातल्या लोकांना सांगायला नकोच. एमएच पाटीची गाडी बेळगावात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर मोटार कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या आरटीओची ना-हरकत आणायची, इथे गाडीच्या वयानुसार आजीवन कर भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा अर्ज करून मागायचा. आपल्यात किती जणांनी तो परतावा प्रत्यक्ष हातात घेतला आहे, हे ज्याचे त्याने आठवावे. हा कर आणि फेऱ्या धरल्या तर साडेपाचातले बरेचसे तिथेच गेले असते. केए-२५ ला यातले काही नाही.

भावाने मधेच नव्या पिढीचीही चौकशी केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आली, ४८ लाखांना. समोर १२.३ इंची दोन पडदे, लिथियमची बॅटरी, २३० पीएस, आणि पुढच्या गाडीजवळ गेल्यास सावध करणारी, वेळ पडल्यास आपणच ब्रेक लावणारी यंत्रणा. अप्पा ड्रायव्हर असते तर त्या यंत्रणेशी त्यांचे पहिल्या दिवशीच भांडण झाले असते! असो. ती आपल्या आवाक्यातली नाही, तेव्हा तिच्यावर शाई घालवत नाही. बेंगळूरजवळच्या बिडदीत २०१३ पासून हायब्रिड कॅमरी जुळवली जाते आणि कॅमरी हा शब्द जपानीतल्या कनमुरीवरून, म्हणजे मुकुट या अर्थाच्या शब्दावरून आला, एवढे मात्र भावाने ऐकून येऊन आम्हाला ऐकवले.

शेवटी धारवाडची घेतली. मशीन वर्षभर पुढे गेले आणि अडीच लाख कर्ज झाले. भावजयीला ते पटलेले नाही. "मावांसाठी म्हणून गप्प आहे," असे तिने माझ्या बायकोला सांगितले. तिचेही चूक नाही. हप्त्याच्या तारखेला कामगारांचा पगार कसा सांभाळायचा हे तिलाच बघावे लागते.

गेल्या आठवड्यात पहिली फेरी झाली. मीही सोबत होतो. गाडी सुरू झाली ती विजेवर, आवाजच नाही. अप्पांनी दोनदा विचारले, "चालू केलास काय रे?" पण ते मागे बसले नव्हते. पुढे, ड्रायव्हरशेजारी बसणार म्हणून हटून बसले होते. कित्तूर येईपर्यंत कळ काढली. मग भावाने गाडी कडेला घेतली, काही बोलला नाही, नुसते मागचे दार उघडून उभा राहिला. अप्पा उतरले, एक हात माझ्या खांद्यावर टेकून. पाठमोरे बसले, पाय आत घेतले. पाठ रेलवायचे बटण यावेळी त्यांनी आपणच शोधले.

चित्रदुर्ग गेल्यावर जागे झाले. तिथे चहा घेतला. पुढची तारीख जानेवारीतली मिळाली आहे.