मांडवात विरलेल्या शपथा

१९७४ साली जयप्रकाशांच्या हाकेने भारावून ज्यांनी जातिनिर्मूलनाच्या आणि हुंडाविरोधाच्या शपथा घेतल्या, त्या आमच्या महाविद्यालयीन वर्गमित्रांचे पन्नास वर्षांनी स्नेहसंमेलन झाले. कोणी निवृत्त अभियंता, कोणी बँकेचा माजी अधिकारी. अनेकांची मुले अमेरिकेत. या उत्कर्षाबद्दल असूया नाही. परंतु मुलाबाळांच्या विवाहांचा विषय निघाला आणि खरे चित्र उघड झाले: सुना-जावई बहुतेक स्वजातीचेच, आणि हुंड्याला आता 'भेटवस्तू' हे सभ्य नाव! समुद्र ओलांडला, पोटजातीची वेस मात्र ओलांडवली नाही.

जातिसंस्थेवर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते. डॉ. लोहियांनी तर तो सरकारी नोकरीसाठी पात्रतेचा निकष ठरावा, अशी मागणी केली. १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९६१ चा हुंडाबंदी कायदा हाताशी असताना 'घरच्यांची इच्छा' ही सबब कुठवर चालणार? आता घरचे म्हणजे आपणच आहोत!

हा दोष केवळ पांढरपेशा मित्रांचा नव्हे. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरच्या लग्नपत्रिकाही तपासून पाहाव्यात. ज्याचा समाजवाद स्वतःच्या उंबरठ्याशी थांबतो, त्याच्या सभेतील घोषणांवर दलित तरुणाने विश्वास का ठेवावा?