चर्चासत्र की पदवीदान?

एखादे चर्चासत्र ऐतिहासिक वास्तूत भरवायचे ठरले, की निमंत्रणपत्रिकेवर त्या वास्तूचे छायाचित्र येते, स्वागतपर भाषणात तिचा गौरव होतो आणि पुढे दोन दिवस तिची कोणाला आठवणही राहत नाही. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसराच्या निमित्ताने या प्रथेविषयी काही मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार दीक्षान्त सभागृह १८७४ साली, तर ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाले. रानडे-भांडारकर १८६२ साली पदवीधर झाले, तेव्हा यांपैकी काहीही उभे नव्हते. विद्यापीठ त्या काळी केवळ परीक्षा घेई. अध्यापन महाविद्यालयांत होई. म्हणूनच येथे आधी वर्ग नव्हे, तर समारंभाचे दालन आणि ग्रंथालय उभे राहिले. बारा राशींच्या रंगीत काचांची वर्तुळाकार खिडकी असलेले ते भव्य दालन मुळात एकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, यासाठी आहे. चर्चासत्राचा हेतू नेमका याच्या उलट असतो. पण आपली चर्चासत्रेही पदवीदानाच्याच वळणाने जातात. उद्घाटन लांबते, मान्यवरांचे सत्कार होतात, तरुण प्राध्यापकाच्या वाट्याला निबंधवाचनाची सात मिनिटे येतात, चर्चा 'वेळेअभावी' रद्द होते आणि प्रमाणपत्र मात्र प्रत्येकाला मिळते.

मराठीच्या अभ्यासकांना तर या परिसराशी एक जुना हिशेब तपासायचा आहे. १८६०च्या दशकात पदवी परीक्षांतून देशी भाषा बाजूला पडल्या आणि संस्कृतादी अभिजात भाषांना ते स्थान मिळाले. देशी भाषांना पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत झटावे लागले. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती कोरल्या आहेत. माणसे दगडात बाहेर उभी आणि त्यांची भाषा अभ्यासक्रमाबाहेर, हा विरोधाभास त्या वास्तूखाली उभे राहून ध्यानात येतो, तसा कालिन्याच्या वातानुकूलित सभागृहात येणार नाही.

२०१८ साली या परिसराचा मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहात जागतिक वारसा म्हणून समावेश झाला. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. आयोजकांना आमची सूचना मात्र साधी आहे: दीक्षान्त सभागृहात अर्ध्या तासाचे उद्घाटन करावे, निबंध लहान खोल्यांत वाचावेत आणि वाचनाइतकाच वेळ प्रश्नांना द्यावा, एक सत्र विद्यापीठीय भाषाधोरणाच्या इतिहासासाठी, ग्रंथालयातील जुन्या दिनदर्शिका व प्रश्नपत्रिका समोर ठेवून, राखावे.

एवढेही जमणार नसेल, तर चर्चासत्र कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात घ्यावे. तिथे निदान मागच्या बाकावरचा विद्यार्थी हात वर करू शकतो.