तळघराच्या काँक्रीटखाली काय गाडले जाते?

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाने वेग घेतला, तशी एक गोष्ट जवळजवळ गृहीत धरली जाऊ लागली. ती म्हणजे इमारतीखालचे तळघर. जमीन थोडी, मोटारी भरपूर आणि नियमावलीला हवी असलेली वाहनतळाची जागा, यांचा मेळ जमिनीखाली गेल्यावाचून बसत नाही. सभासदांच्या सर्वसाधारण सभेत चर्चा रंगते ती चटईक्षेत्राची, कॉर्पस निधीची, भाड्याची आणि ताब्याच्या तारखेची. तळघराच्या फरशीखालून जाणारी सांडपाण्याची वाहिनी काँक्रीट पडण्यापूर्वी कोणी तपासली, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारत नाही. ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मात्र तो सर्वांना एकदमच आठवतो.

तळघरातले पाणी ही निव्वळ गैरसोय नव्हे, हे २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत दिसून आले. जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तेथील वाचनालयात बसलेले तीन विद्यार्थी प्राणास मुकले. पुढे २६ मे २०२५ रोजी मुंबईत मोसमी पाऊस नेहमीपेक्षा बराच आधी कोसळला, तेव्हा वरळीचे आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक सुरू होऊन पुरता महिनाही झालेला नसताना पाण्याखाली गेले. बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराच्या बाजूने ते पाणी आत आले होते. दोन्ही ठिकाणी पाणी रस्त्यावरून आले आणि साहजिकच नंतरची चर्चा नालेसफाई, परवानग्या आणि जबाबदारी यांभोवती फिरली. ती व्हायलाच हवी होती. परंतु तळघराला दुसरा धोका खालून असतो. तो हळूहळू येतो, त्याची छायाचित्रे निघत नाहीत आणि त्याचा बंदोबस्त करण्याची वेळ बांधकामाच्या काळात फार थोडे दिवस हाती असते.

मुळात तळघराचा प्रश्न पातळीचा आहे. रस्त्याखालील महापालिकेची मलवाहिनी बहुतेक ठिकाणी तळघराच्या फरशीपेक्षा वरच्या पातळीवर असते. म्हणजे वरच्या मजल्यांवरचे सांडपाणी आपल्या वजनाने वाहून जाते, तळघरातले जात नाही. ते एका संपमध्ये गोळा करून पंपाने वर चढवावे लागते. पंप बंद पडला किंवा बाहेरची वाहिनी तुंबली की उलटा प्रवास सुरू होतो आणि इमारतीतल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळघरातल्या नहाणी ट्रॅपमधून किंवा चेंबरच्या झाकणातून, घाण वर येते. हे रोखायचे तर बाहेरच्या जोडणीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हवी आणि तिची साफसफाई करता येईल असे चेंबर हवे. मुंबईत यात भरतीची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक झाले. पुढे क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम झाले आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्हसारखी उदंचन केंद्रे उभी राहिली. तरीही मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागातले पाणी थांबते. अशा दोन-तीन तासांत तळघराने काय करायचे, याचे उत्तर फरशीखालीच ठरलेले असते.

दुसरी बाब दाबाची. भूजलाची पातळी तळघराच्या तळापेक्षा तीन मीटर वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर खालून वर तीन टन दाब येतो. तीनशे मिलिमीटर जाडीच्या राफ्टचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाऊण टन भरते. बाकीचा भार इमारतीचे वजन आणि संरचनेची रचना पेलते, तेव्हा राफ्ट उचलली जाण्याची चिंता उंच इमारतीत सहसा नसते. पण पाण्याला राफ्ट उचलायची गरजही नसते. त्याला एक फट पुरते. नीट दाबून भरलेल्या काँक्रीटमधून पाणी फारसे येत नाही. ते येते बांधकामाच्या सांध्यांतून आणि जिथे पाईप भिंतीतून किंवा राफ्टमधून आरपार गेला आहे तिथून. पुण्यात मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण असतो. उन्हाळ्यात कोरडाठाक दिसणारा खड्डा जुलैत त्या भेगांतून भरू लागतो. मुंबईच्या भरावाच्या जमिनीत आणि सागरी चिखलात पाणी बारमाही वरच असते. एप्रिलमध्ये खड्डा कोरडा दिसला म्हणून पाण्याची काळजी नाही, असे पुण्यातल्या कंत्राटदाराने म्हणू नये आणि सोसायटीने ऐकून घेऊ नये.

आता वाहिनीकडे येऊ. सांडपाण्याच्या वाहिनीला ढाळ लागतो. शंभर मिलिमीटरच्या वाहिनीला साधारण चाळीस फुटांना एक फूट, दीडशेच्या वाहिनीला साठ फुटांना एक फूट, हा जुना आणि अजूनही उपयोगी हिशेब आहे. पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास राहिला तर गाळ बसत नाही. हा हिशेब तळघराला लावून पाहिला की अडचण कळते. तीस मीटर लांबीच्या तळघरात दीडशेची वाहिनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, तर दुसरे टोक अर्धा मीटर खाली जायला हवे. तीनशे मिलिमीटरच्या राफ्टमध्ये किंवा तिच्यावरच्या भरावात एवढी जागा नाही. मग काय होते? वाहिनी जवळजवळ सपाट टाकली जाते किंवा मध्येच पोट खाली सुटते. काँक्रीट पडले की हे पोट कायमचे. त्यात गाळ साचतो, वास येतो, वर्षातून चारदा जेटिंगची गाडी बोलवावी लागते आणि दोष देखभालीला दिला जातो. दोष देखभालीचा नसतो, आराखड्याचा असतो. लांब वाहिनीऐवजी दोन-तीन छोटे संप घेणे किंवा फरशीतच जाळी असलेली उघडी पन्हाळ ठेवणे हे महागडे उपाय नाहीत. जिथे टाळता येईल तिथे राफ्टच्या खाली वाहिनी गाडूच नये, असे माझे मत आहे. जी दिसते ती दुरुस्त करता येते.

गाडावीच लागली, तर काँक्रीटच्या आधी तिची परीक्षा घेणे क्रमप्राप्त आहे, आणि ती कठीणही नाही. खालचे टोक बूच लावून बंद करायचे, वरच्या टोकाला उभा पाईप जोडून पाणी भरायचे आणि पातळी उतरते का ते पाहायचे. सरळ रेषेसाठी एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरण्याची पद्धत आजही चालते. आरशात पूर्ण गोल दिसला तर वाहिनी सरळ, कापलेला दिसला तर कुठेतरी पोट. आता आत कॅमेरा सोडून चित्रणही करता येते आणि ते जपून ठेवता येते, हा त्याचा मोठा फायदा. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीवर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन मापकाचा काटा स्थिर राहतो का हे पाहायचे. प्लास्टिक पाईपचे सांधे चिकटवल्यावर ते पुरते सुकेपर्यंत ही चाचणी घेऊ नये. घाई इथेच होते. चाचणी संपली तरी पाणी आणि दाब काढून टाकू नये. काँक्रीट ओतताना काटा पडला तर सांधा तुटल्याचे त्याच क्षणी कळते आणि काँक्रीट ओले असेपर्यंत हात घालता येतो.

ओतताना होणारे नुकसान हा वेगळाच अध्याय आहे. ओले काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असते. त्यात दीडशेचा रिकामा पाईप बुडाला की मीटरला चाळीस किलोंहून अधिक बळाने तो वर येऊ पाहतो. पाणी भरून ठेवले तर हे बळ कमी होते, नाहीसे होत नाही. म्हणून तो ठरावीक अंतरावर सळयांना घट्ट बांधलेला हवा. व्हायब्रेटरची सुई सांध्याला लागली तर सांधा निखळतो. उघड्या तोंडातून सिमेंटची रबडी आत गेली तर वाहिनी जन्मतःच अर्धी तुंबलेली निघते. भिंतीतून आरपार जाणाऱ्या पाईपभोवती पाणी अडवणारी चकती, म्हणजे पडल फ्लँज, बसवली आहे का, हे काँक्रीट पडल्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. नंतर त्या जागी रसायनांचे इंजेक्शन देणारे येतात, बिल देतात, आणि पाणी शेजारच्या फटीतून पुन्हा येते.

एवढे सोपे असताना तपासणी का टळते? घड्याळामुळे. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतले जावे, हा नियम आहे. शहरातील अवजड वाहनांवरील वेळेच्या निर्बंधांमुळे गाड्या रात्री येतात. रात्री अकरा वाजता फाटकावर ट्रान्झिट मिक्सरची रांग लागलेली असताना, ‘नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला सांधा ठिबकतोय, काम थांबवा’ असे म्हणणारा साइट इंजिनीअर विरळा. बहुतेक वेळा तो पंचविशीतला असतो आणि त्याच्यावर कंत्राटदाराचाच हुकूम चालतो. पोअर कार्ड नावाचा एक कागद मोठ्या कामांवर असतो. सळई, साचा, विद्युतनळ्या, प्लंबिंग अशा प्रत्येक रकान्यात संबंधिताची सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचे नाही, असा त्याचा हेतू. सळईचा रकाना संरचना सल्लागाराचा माणूस तपासतो. प्लंबिंगच्या रकान्यात सही करणारा तिथे हजर होता की नाही, हे कोणी पाहत नाही.

सरकारी कागदपत्रांचे चित्र याहून आश्वासक नाही. जोत्याच्या टप्प्यावरील तपासणीत मुख्यतः बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, सामासिक अंतरे सुटली आहेत का, हे पाहिले जाते. जलनिस्सारणाचे काम पूर्ण झाल्याचा दाखला परवानाधारक प्लंबर देतो, पण तो भोगवटा प्रमाणपत्राच्या सुमारास, म्हणजे वाहिनी काँक्रीटखाली जाऊन दीड-दोन वर्षे लोटल्यावर. जे दिसत नाही त्याचा दाखला आणि जे दिसत होते तेव्हा तपासणी नाही, असा हा उफराटा क्रम आहे. जोत्याच्या तपासणीच्या अर्जासोबत जमिनीखालील वाहिन्यांच्या चाचणीचा अहवाल आणि छायाचित्रे जोडणे बंधनकारक केले, तर महापालिकेला एकही नवा अभियंता नेमावा लागणार नाही.

कायद्याचे संरक्षण आहे, पण ते घटना घडून गेल्यानंतरचे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत संरचना, कामाचा दर्जा किंवा सेवा यांतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दूर करायचा आहे. पुनर्विकासातील जुन्या सभासदांचा आधार मात्र मुख्यतः त्यांचा विकास करारनामा असतो आणि त्यात तळघरासाठी वेगळे कलम क्वचितच सापडते. राज्य सरकारने कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या सुधारित निर्देशांनुसार सोसायट्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमतात. त्याच्या कामाच्या यादीत ‘तळघराच्या काँक्रीटपूर्वी वाहिन्यांची चाचणी, सोसायटीच्या प्रतिनिधीसमक्ष’ एवढी ओळ घालायला खर्च येत नाही. आज ती ओळ घालायची राहून जाते, कारण निविदा आणि मोबदल्याच्या वाटाघाटींतच सर्वांची शक्ती संपलेली असते.

नव्या इमारतींबरोबर दुसरा, संख्येने कदाचित मोठा प्रश्न आहे तो वीस-तीस वर्षांपूर्वीच्या तळघरांचा. फरशी उखडली, ओल वाढली, की समिती ठराव करते आणि जुन्या फरशीवर चार-सहा इंचांचा नवा थर ओतला जातो. दोन पावसाळे बरे जातात. खालची चिनी मातीची किंवा बिडाची वाहिनी तशीच फुटकी राहते आणि चेंबरची झाकणे नव्या थराखाली गाडली गेल्यामुळे पुढच्या वेळी ती शोधायला ब्रेकर लागतो.

या कामात काँक्रीटच्या आधी निदान करायचे असते. पाणी कोणते, ते ओळखता येते. पावसाळ्यात येते आणि फेब्रुवारीत आटते, तर बहुधा भूजल किंवा पावसाची झिरप. बारमाही येते आणि त्यात क्लोरिनचा अंश सापडतो, तर नळाची वाहिनी किंवा भूमिगत टाकी गळते आहे. रात्री सर्व नळ आणि टाकीच्या झडपा बंद ठेवून मीटर फिरतो का पाहिले, तर मीटरपासून झडपेपर्यंतच्या वाहिनीची गळती उघड होते. टाकीत सकाळी पाणी उतरलेले दिसले, तर संशय टाकीवर. वास येत असेल किंवा प्रयोगशाळेत विष्ठेतले जिवाणू सापडले, तर सांडपाणी. शेवटच्या दोन गोष्टी एकाच तळघरात असतील तर प्रकरण गंभीर समजावे. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक तासच येते. उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी होते आणि फुटलेल्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. ती टाकीत आणि टाकीतून घराघरांत. कावीळ आणि अतिसाराची साथ एकाच इमारतीत का पसरली, याचे उत्तर अशा वेळी तळघरात असते.

सांडपाण्याच्या संपचाही इथेच विचार व्हावा. त्यात विषारी वायू साठतो, आणि संरक्षक साधनांविना माणसाला मलवाहिनीत अथवा तशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही पंप अडकला की दोनशे रुपयांवर कोणाला तरी खाली सोडले जाते. पंप साखळीने वर ओढून घेता येईल अशी मार्गदर्शक दांडी संपचे काँक्रीट होतानाच बसवून घेतली, तर खाली उतरण्याचा प्रसंगच येत नाही. पंप दोन हवेत, त्यांची जोडणी जनित्रावर हवी आणि त्यांचे विद्युत फलक तळघरात नकोत. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा सोसायट्यांचे तळमजले आणि वाहनतळ पाण्याखाली गेले होते. तशा वेळी सर्वांत आधी वीज जाते आणि विजेबरोबर पंपही.

उरतो तो नकाशा. प्रत्यक्षात वाहिन्या कुठून गेल्या, कोणत्या पातळीवर आहेत, चेंबर कुठे आहेत, हे दाखवणारा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष काम यांत फरक पडतोच, म्हणून काम झाल्यावर काढलेला नकाशाच उपयोगाचा. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १७ नुसार सामायिक जागांचे नकाशे आणि कागदपत्रे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणे विकासकाचे काम आहे. तरीही अनेक सोसायट्यांच्या दप्तरात तो सापडत नाही. तो ताबा घेतानाच, पोअर कार्डच्या प्रती आणि चाचणीच्या चित्रणासह, मागून घ्यावा लागतो. वर्षभराने मागायला गेल्यास तो प्लंबर आणि तो साइट इंजिनीअर दुसऱ्याच कुठल्या तरी खड्ड्यात पुढच्या काँक्रीटची तयारी करत असतात.