39 म्हणजे किती ताप?

मुलगा-सून आखातात आणि दादी कराडला, किंवा लेक दुबईत आणि अम्मी मिरजेत, अशी घरे सातारा-सांगलीकडे आता कमी नाहीत. तिकडून फोन येतो, "अम्मी, बाळाला 39 ताप आहे." अम्मींनी आयुष्यभर ताप ऐकला तो 99, 101, 103 असा. त्यामुळे 39 ऐकून त्यांना वाटते, एवढेच ना, उतरेल. प्रत्यक्षात 39 सेल्सिअस म्हणजे 102.2 फॅरनहाइट, चांगला सणसणीत ताप. उलट इकडून कोणी "अब्बांना 101 आहे" म्हणाले, तर तिकडे वाढलेल्या नातवाला ते उकळत्या पाण्यासारखे वाटते. माणसे तीच, ताप तोच, मोजपट्टी तेवढी वेगळी. म्हणून या महिन्यात आम्ही या दोन मोजपट्ट्यांचीच गोष्ट सांगणार आहोत.

उष्णतेला पायऱ्या लावण्याची कल्पना आपल्या घरांना नवी नाही. अंग थोडे कोमट लागले की आपण "जरा हरारत आहे" म्हणतो, आणि उर्दूत तापमानाला शब्दच आहे दर्जा-ए-हरारत. युनानी वैद्यकात प्रत्येक औषधाची तासीर गरम की ठंडी एवढेच सांगून भागत नसे. ती पहिल्या दर्जाची की चौथ्या, हेही सांगत. ही पद्धत जालिनूस म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन यांच्यापासून चालत आली, आणि नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी तिला गणिताची जोड दिली. पण हे दर्जे हकीमाच्या अनुभवावर ठरत. दोन गावांतल्या दोन माणसांना एकच आकडा दाखवील असे यंत्र त्या काळी नव्हते.

असे भरवशाचे यंत्र डॅनियल फॅरनहाइट यांनी बनवले. त्यांचा जन्म 1686 चा, डान्झिग शहरातला. पुढे हॉलंडमध्ये राहून ते काचेची उपकरणे तयार करीत. पाऱ्याचा थर्मामीटर त्यांनी नावारूपाला आणला आणि 1724 मध्ये आपली मोजपट्टी छापून जाहीर केली. तिचे शून्य कशाचे? बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे. नवसागर म्हटल्यावर आपल्याला कल्हईवाला आठवेल. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथील फिरवायचे. तोच नवसागर बर्फात मिसळला की मिश्रण बर्फाहूनही थंड होते. साध्या बर्फ-पाण्याला त्यांनी 32 आकडा दिला, आणि निरोगी माणसाच्या तोंडातल्या किंवा काखेतल्या उष्णतेला 96.

हे आकडे विचित्र वाटतात खरे. पण 32 ते 96 मध्ये 64 अंश होतात, आणि 64 चे निम्मे-निम्मे करत गेले की 32, 16, 8, 4, 2 आणि 1 असे नीट उतरता येते. ज्यांनी आण्यांचा हिशेब केला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. रुपयाचे सोळा आणे, मग अधेली, पावली, चवली, आणा. वस्तू निम्मी करणे हाताला सोपे जाते. पुढे फॅरनहाइट यांच्यानंतर पाण्याचा उकळबिंदू बरोबर 212 धरून पट्टी थोडी सरकवली गेली, आणि अंगाची उष्णता 96 वरून 98 च्या पुढे गेली.

स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी 1742 मध्ये शंभराचा हिशेब मांडला. गंमत म्हणजे त्यांच्या पट्टीवर पाणी 0 वर उकळत असे आणि 100 वर गोठत असे! 1744 मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ती उलटवून आजच्यासारखी केली गेली. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, वजन-मापेही दशमान झाली, आणि हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये येऊ लागल्या. ताप मात्र डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या तोंडी फॅरनहाइटमध्येच राहिला.

या 100 चीही एक अट आहे. पाणी 100 अंशांवर उकळते ते समुद्रसपाटीला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळते. सांगलीत साधारण 98 वर, साताऱ्यात त्याहून थोडे खाली, आणि सुमारे 1,370 मीटर उंचीच्या महाबळेश्वरला 95 च्या आसपास. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, तेव्हा शिजते. याच गुणाचा उपयोग करून डोंगर मोजीत असत. दख्खनच्या हवामानाच्या नोंदी ठेवणारे कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम साइक्स यांनी साध्या थर्मामीटरने उंची कशी काढावी यावर 1838 मध्ये लेख लिहिला. माथ्यावर पाणी उकळायचे आणि पारा कुठे थांबला ते पाहायचे. जितका आकडा खाली, तितका डोंगर उंच.

आता पुन्हा तापाकडे येऊ. 98.6 हा आकडा सर्वांना पाठ आहे. जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचा ताप मोजून 1868 च्या ग्रंथात निरोगी अंगाची उष्णता 37 सेल्सिअस सांगितली. त्याचे फॅरनहाइट केले की 98.6 येते. म्हणजे तो ".6" फार बारकाईने मोजलेला नाही, नुसत्या रूपांतरातून आलेला आहे. निरोगी माणसाचे अंग सकाळी थोडे थंड, संध्याकाळी थोडे गरम असते. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो. म्हणून 98.9 दिसले की घाबरण्याचे कारण नाही.

रूपांतर तोंडी करता येते. सेल्सिअसची दुप्पट करा, तिचा दहावा भाग वजा करा, 32 मिळवा. 39 ची दुप्पट 78, त्यातून 7.8 गेले, राहिले 70.2, अधिक 32, झाले 102.2. एवढेही नको असेल तर चार जोड्या लिहून थर्मामीटरच्या डबीत ठेवा: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. पडद्यावरच्या आकड्याशेजारी सी आहे की एफ, हे घरातल्या मोठ्या मुलांनाही दाखवून ठेवा. काही थर्मामीटरांवर बटण जास्त वेळ दाबले गेले की पट्टीच बदलते. ओव्हनचेही तसेच. परदेशी कृतीत केकसाठी 350 लिहिले असेल तर ते फॅरनहाइट. आपल्या ओव्हनवर 180 लावायचे.

फोनवर ताप सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात: आकडा कोणत्या पट्टीवरचा, कुठे मोजला, किती वाजता. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. आणि मूल कोणत्याही वयाचे असो, ते दूध-पाणी घेत नसेल, मलूल पडले असेल, धाप लागली असेल किंवा झटके येत असतील, तर आकडा कोणत्याही पट्टीवर कमी दिसला तरी थांबू नये.