सरकणारी भरतीरेषा आणि बेटावरील घर

समुद्रकाठच्या बांधकामाचे बहुतेक नियम एका रेषेपासून मोजले जातात. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर चढते, ती ही रेषा. तिच्यापासून किती मीटर जागा मोकळी सोडावयाची एवढाच काय तो प्रश्न, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते. परंतु ही रेषा स्वतःच जागा सोडू शकते, हे अंदमान-निकोबार बेटांनी अनुभवले आहे.

26 डिसेंबर 2004 रोजी भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. लाटा ओसरल्या, पण पाणी सर्वत्र मागे हटले नाही. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंट सुमारे 4.25 मीटरने खचला आणि तेथील दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. दक्षिण अंदमानची भूमी सुमारे एक मीटर खाली गेली. 2024 पासून श्री विजयपुरम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोर्ट ब्लेअरजवळच, सिप्पीघाटच्या शेतांत खारे पाणी शिरले ते तेथेच राहिले. उलट उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळांचे पट्टे उघडे पडून मेले. काल किनाऱ्यापासून सुरक्षित अंतरावर असलेले घर आज भरतीच्या पाण्यात उभे राहावे, असा हा फेरबदल होता.

ही आठवण ठेवूनच पुढील नियमांकडे पाहावयास हवे. 2011 च्या बेट संरक्षण क्षेत्र अधिसूचनेने या द्वीपसमूहात भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र म्हणून राखला होता. 2019 च्या नव्या अधिसूचनेने पर्यावरणस्नेही पर्यटनाच्या प्रकल्पांसाठी हे अंतर मोठ्या बेटांवर 50 मीटर, तर बाराटांग, हॅवलॉक म्हणजे आजचे स्वराज द्वीप, कार निकोबार अशा लहान बेटांवर अवघे 20 मीटर केले. बेट लहान म्हणून अंतर कमी, हे गणित सोयीचे खरे. पण लहान बेटापुढील लाट काही लहान होत नाही.

सवलतीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. बेटांचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग वनाखाली आहे. 1956 च्या विनियमानुसार मोठे क्षेत्र आदिवासी समाजांसाठी राखीव आहे आणि ते राखीव राहणेच न्याय्य आहे. उरलेल्या जमिनीत डोंगरउतार पुष्कळ. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येथे वसविलेल्या कुटुंबांच्या आजच्या पिढीकडे किनाऱ्यालगतचा लहानसा तुकडाच असेल, तर 200 मीटरच्या नियमात तो सबंध अडकतो. अशा कुटुंबाला राहते घर बांधू न देणे आणि बाहेरून आलेल्या विश्रामधामास मात्र वाट मोकळी करून देणे, यांत कोणताही न्याय नाही.

म्हणूनच सर्व बेटांना आणि सर्व बांधकामांना एकच आकडा लावण्याऐवजी जमिनीची उंची, उतार, पुढे खारफुटी वा प्रवाळ आहेत की नाहीत आणि बांधकाम कोणत्या हेतूने होत आहे, हे पाहून अंतर ठरावे. रेषा 2004 नंतरच्या मोजणीची असावी. स्थानिकाच्या राहत्या घरास मर्यादित सवलत द्यावी. व्यावसायिक संकुलास अधिक दूर ठेवावे. निकोबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खांबांवर उंच घरे बांधत आले आहेत. त्या अनुभवाला नव्या बांधकाम नियमांत स्थान मिळावे.

बांधकामाचा भार केवळ जागेवर पडत नाही. काँक्रीटला वाळू लागते आणि बेटावर ती किनाऱ्यावरूनच उचलली जात असे. मे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उपसा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आदेश दिला. घराचे रक्षण करणारा किनारा खणून तेच घर बांधण्यात शहाणपण नाही, हे त्यामागील साधे सूत्र होते.

हा प्रश्न घर घेणाऱ्याच्या हिशेबाशीही निगडित आहे. परवानगीचा शिक्का एका दिवसात बसतो, परंतु घरकर्ज पंधरा-वीस वर्षे चालते. त्या काळात किनारा सरकला, तर तारणाचे मूल्य खालावते आणि हप्ते मात्र तसेच राहतात. तेव्हा बेटावर जागा घेणाऱ्याने जमिनीचा हक्क, किनारा-नियमन नकाशावरील तिचे स्थान, मंजूर आराखडा आणि भूकंपरोधक रचना या चार गोष्टी आधी तपासाव्यात. नियमाने 20 मीटरवर परवानगी दिली, म्हणून तेथेच बांधलेच पाहिजे असे नाही. मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याला अनेकजण वाया गेलेली जागा समजतात. 2004 ची ती सकाळ आठवली, तर घराच्या खर्चातील तो सर्वांत आवश्यक भाग ठरतो.