हृदयाला धक्का देणारी पेटी : कोणती घ्यावी आणि कुठे ठेवावी?

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. एक जिनिंग कारखान्याचे मालक, दुसरे पतसंस्थेचे व्यवस्थापक आणि तिसरे एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस. “डॉक्टर, ते बंद पडलेले हृदय सुरू करणारे मशीन येते ना, ते कुठल्या कंपनीचे घ्यावे?” लोक हा प्रश्न विचारू लागले याचा मला आनंदच आहे. परंतु माझ्या मते कंपनीचे नाव हा यातला सर्वांत शेवटचा प्रश्न आहे.

मुळात हे यंत्र करते काय? माणूस एकाएकी कोसळतो तेव्हा पुष्कळदा त्याचे हृदय पूर्ण थांबलेले नसते. त्याचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरत असतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. छातीवर चिकटवलेल्या दोन पॅडमधून विजेचा ठराविक धक्का दिला की ही थरथर मोडते आणि हृदयाला आपला ताल पुन्हा पकडण्याची संधी मिळते. एईडी म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर. अशी थरथर आहे की नाही हे तो स्वतःच तपासतो आणि नसेल तर धक्का देतच नाही. छातीत दुखते आहे, घाम फुटला आहे, पण माणूस बोलतो आहे, अशा वेळी पॅड लावायचे नसतात. त्याला तातडीने रुग्णालयात न्यायचे. पेटी तेवढी जवळ असू द्यावी.

खरा शत्रू आहे वेळ. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण शहराबाहेरच्या एमआयडीसीत ती चार-पाच मिनिटांत पोहोचेल अशी अपेक्षा करणे तिच्यावरही अन्याय आहे. तोवर जे करायचे ते शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच करायचे.

आणि ते करायला डॉक्टर लागत नाही. अमेरिकेतील जुगारगृहांमध्ये सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवले होते. त्याचा अहवाल २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाची अशी थरथर झालेल्या १०५ जणांपैकी ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला, त्यांतले ७४ टक्के बरे होऊन घरी गेले. उशीर झालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. आपल्याकडचा वॉचमन हे शिकू शकणार नाही असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तेव्हा खरेदीचा प्रश्न. पहिली चौकशी भाषेची करा. यंत्र बोलून सूचना देते. हिंदी बोलणारी यंत्रे बाजारात मिळतात, मराठी बोलणारे आहे का हेही विचारा. फाडफाड इंग्रजी बोलणारी पेटी घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवते. जिनिंगच्या खडखडाटात तर काहीच ऐकू येणार नाही, तिथे चित्रे किंवा पडदा असलेले यंत्र बरे. धूळ आणि पाणी यांपासून संरक्षणाचा आयपी क्रमांक पाहावा. कारखान्यासाठी ५५ असलेला चांगला. उन्हाळ्याचेही भान हवे. बहुतेक यंत्रे ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीवरच्या लोखंडी कपाटात काय होत असेल याचा विचार करा. पॅडवरचा चिकट थर वाळून गेला तर यंत्र असून नसल्यासारखेच.

काही यंत्रे आपणहून धक्का देतात, काहींचे बटण दाबावे लागते. मी बटणाच्या बाजूचा आहे. आपल्याकडे कोणी कोसळले की दहा जण गोळा होतात, एक डोके मांडीवर घेतो, दुसरा हात चोळतो, तिसरा कांदा हुंगवतो. सगळ्यांना “दूर व्हा” म्हणून, कोणी हात लावून बसलेले नाही हे बघून मग बटण दाबणारा माणूस हवा.

दुकानदार यंत्राची किंमत सांगतो, पुढचा खर्च सांगत नाही. पॅडची मुदत साधारण दोन ते पाच वर्षांत संपते, बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते. त्यांचे दर कोटेशनमध्येच लिहून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी ते किती दिवसांत मिळतील हेही विचारा.

इतके करूनही पेटी साहेबांच्या केबिनमध्ये कुलपात गेली तर पैसे वाया गेले. १९४८ च्या कारखाना कायद्यात दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवावी आणि ती कामाच्या वेळेत सतत हजर असणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात असावी, असे म्हटले होते. ‘किल्ली कोणाकडे?’ ‘साहेबांकडे.’ ‘साहेब कुठे?’ ‘तालुक्याला.’ हा संवाद कितीतरी ठिकाणी ऐकला आहे. एईडी भिंतीवर, सर्वांना दिसेल अशी आणि बिनकुलपाची हवी. झपाट्याने चालत जाऊन तीन मिनिटांत परत येता येईल इतक्या अंतरावर.

यंत्र आणेपर्यंत छाती दाबत राहायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, छातीच्या मध्यभागी. तोंडाने श्वास देणे शिकलेले नसेल तर नुसते दाबणे चालू ठेवा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, त्याने फसू नका. विजेचा शॉक लागून पडलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. हे दोन तासांत शिकवता येते. पैसे थोडेच असतील तर या वर्षी शिकवणीवर खर्च करा आणि यंत्र पुढच्या वर्षी घ्या, असे मी त्या पतसंस्थेला सांगितले. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही. यंत्राचे उद्घाटन करता येते, शिकवणीचे कसे करणार?

शिकवणाऱ्याला बोलवाल तेव्हा रात्रपाळी वगळू नका. शिकणाऱ्यांत स्त्रियाही हव्यात. पॅड उघड्या छातीवर लावावे लागतात, एक उजव्या खांद्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. बाई कोसळली तर पुरुष कचरतात आणि मोलाची मिनिटे जातात. चार जणींनी साडीचा आडोसा धरावा, पाचवीने पॅड लावावेत. मंगळसूत्र काढत बसण्याची गरज नाही, पॅडच्या वाटेतून बाजूला सारले की पुरे.